रामदासपेठ ते फोर्ट: नोट पाहायला शिकण्याची वाट

रामदासपेठ हा नागपूरचा दवाखान्यांचा भाग. सेंट्रल बाजार रोडवर आणि त्याला फुटणाऱ्या रस्त्यांवर इस्पितळे, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने दाटीने उभी आहेत. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून आलेली माणसे इथे दिवसभर ये-जा करत असतात. फोनवरून पैसे देण्याची सोय प्रत्येक काउंटरवर आहे. तरीही आजारपणाच्या खर्चासाठी गावाहून निघालेला माणूस रोकड जवळ ठेवतोच. ती घेणारा दुकानदार पाचशेची नोट ट्यूबलाइटकडे धरतो, तिच्यावरून अंगठा फिरवतो आणि गल्ल्यात टाकतो. हे दोन-तीन सेकंदांचे काम असले, तरी चलनव्यवस्थेचा मोठा भार त्याच्यावर आहे. बनावट नोट बँकेत भरायला गेली, तर बँक तिच्यावर शिक्का मारते, ती जप्त करते आणि पावती देते. तिची भरपाई मिळत नाही. एका व्यवहारात अशा चार नोटांपर्यंत सापडल्या, तर बँक महिन्याचा एकत्रित अहवाल पोलिसांना देते. पाच किंवा अधिक सापडल्या, तर गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांकडे जाते. म्हणजे नोट ज्याच्या हातात असताना ओळखली जाते, तोटा त्याचाच. भाजीवाला, रिक्षावाला, औषध दुकानातला पोरगा किंवा रुग्णाची आई, यांपैकी कोणीही तो शेवटचा हात असू शकतो. नोट ओळखण्याचे ओझे व्यवस्थेने या हातावर टाकले असेल, तर ओळखायचे कसे हे शिकवण्याची जबाबदारीही तिनेच घ्यायला हवी. ही शिकवणी उत्तम होते ती संग्रहालयात, कारण नोटेची सुरक्षा तिच्या कलेत आहे आणि कला पाहूनच कळते. रामदासपेठेतून निघून मुंबईच्या फोर्टातल्या चलन संग्रहालयापर्यंतच्या वाटेवर याचे पुरावे जागोजागी भेटतात.

पहिला टप्पा शहरातच आहे. रामदासपेठेतून वर्धा रोडने सीताबर्डी ओलांडली की झिरो माईल आणि त्यालगत संविधान चौक येतो. जुने नागपूरकर त्याला अजूनही आरबीआय चौक म्हणतात, कारण रिझर्व्ह बँकेचे नागपूर कार्यालय याच चौकात आहे. नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी या चार ठिकाणी छापलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या अशा कार्यालयांमार्फत बँकांच्या तिजोऱ्यांत पोहोचतात. इथून सिव्हिल लाइन्समध्ये थोडे पुढे गेले की अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय. जुन्या मध्य प्रांतात जमिनीखाली सापडलेल्या ठेव्यांतली नाणी या संग्रहालयात येत गेली आणि अभ्यासकांना त्यांचा मोठा उपयोग झाला. पैशाच्या विचाराशी या शहराचे नाते आणखी दोन माणसांनी जोडले आहे. रामदासपेठेच्या पश्चिमेला जवळच दीक्षाभूमी आहे. तिथे १९५६ मध्ये धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि नंतर भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली होती. दुसरे सी. डी. देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे हे गृहस्थ सनदी सेवेत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कारभारात होते आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या नोटा आज संग्राहकांकडे असतात. इतके सगळे असूनही नोटेची कला आणि सुरक्षा समजून घ्यायची, तर नागपूरकराला मुंबईची गाडी पकडावी लागते. रिझर्व्ह बँकेची संग्रहालये मुंबईत आणि कोलकात्यात आहेत.

नागपूरहून मुंबईला जाणारी गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ अशी जाते. यातल्या नागपूर आणि अकोला या दोन स्टेशनांची नावे भारताच्या कागदी चलनाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि देशाची चलन मंडळांत विभागणी केली. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही मुख्य मंडळे होती आणि त्यांच्या हाताखाली लहान मंडळे होती. त्या सुरुवातीच्या मंडळांत नागपूर आणि अकोला होते. नोटेवर मंडळाचे नाव छापलेले असे, आणि नोट मोडून चांदीचे रुपये हक्काने मागायचे, तर ते त्या मंडळाच्याच कचेरीत. काळ पाहिला म्हणजे या दोन गावांचे महत्त्व लक्षात येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि १८६१ ते १८६५ या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मुंबईकडून वऱ्हाडाकडे जाणाऱ्या पैशाची वाट लांब आणि धोक्याची होती. मोठ्या रकमेच्या नोटा पाठवायच्या, तर व्यापारी नोट मधोमध कापत, एक अर्धा भाग टपालाने धाडत आणि तो पोहोचल्याचे कळल्यावर दुसरा. नोटेचा क्रमांक दोन्ही भागांवर असल्यामुळे हे शक्य होई. आज नोट नीट ठेवा म्हणून सांगावे लागते. त्या काळी सुरक्षेसाठी नोट कापली जात होती. मंडळांचे हे बंधन पुढे हळूहळू सुटले. १९०३ ते १९११ या वर्षांत पाचपासून शंभरपर्यंतच्या नोटा टप्प्याटप्प्याने सगळीकडे चालू लागल्या. तेव्हापासून नोट अनोळखी माणसांच्या हातांत फिरू लागली आणि तिने स्वतःची ओळख स्वतःच पटवून देण्याची गरज वाढत गेली.

नाशिक रोडला गाडी थांबते तेव्हा प्रवासी बहुधा झोपेत असतात. या स्टेशनच्या परिसरात भारताच्या नोटांचे सर्वांत जुने छपाई केंद्र आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये सुरू झाले आणि करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये. त्यापूर्वी भारताच्या नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. १९३२ पर्यंत सगळ्या मूल्यांच्या नोटा नाशिकमध्ये छापल्या जाऊ लागल्या. प्रेसच्या आत सामान्य माणसाला जाता येत नाही आणि ते योग्यच आहे; मात्र आत काय घडते याची रूपरेषा माहीत असली, तर संग्रहालयातली प्रत्येक नोट वेगळी दिसते. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या धाग्यांचा असतो. वऱ्हाडच्या वाचकाला हे आवर्जून सांगायला हवे. वॉटरमार्क हा कागदावर उमटवलेला ठसा नव्हे. ओला लगदा जाळीवर बसतो तेव्हाच त्याची जाडी कुठे कमी, कुठे जास्त ठेवली जाते. म्हणून गांधीजींच्या चेहऱ्यावरची छाया उजेडात हळूहळू गडद होत जाते. तिला कडा नसते. बनावट नोटेत ही छाया वरून छापलेली किंवा मेणासारख्या पदार्थाने उमटवलेली असते, त्यामुळे ती सपाट आणि कडेने रेखल्यासारखी दिसते. सुरक्षा धागाही असाच कागद तयार होतानाच आत विणला जातो. तो कुठे पृष्ठभागावर येतो, कुठे आत जातो, आणि उजेडात धरला की सलग दिसतो. त्यानंतर पार्श्वभूमीच्या नाजूक रंगीत रेषा छापल्या जातात. दोन्ही बाजू यंत्रावर एकाच वेळी छापल्यामुळे पुढचा अर्धा आकडा आणि मागचा अर्धा आकडा उजेडात तंतोतंत जुळतो. मग इंटॅग्लिओ छपाई येते. त्यासाठी धातूच्या पत्र्यावर रेषा कोरतात, तिच्यात दाट शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचेत शिरतो. दुकानदार नोटेवरून अंगठा फिरवतो तेव्हा त्याला जाणवतो तो हा उठाव. फोटो काढून किंवा रंगीत झेरॉक्स मारून केलेल्या नकलेत रंग येतो. उठाव येत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर सर फिरोजशहा मेहता रोडवरची अमर इमारत पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तळमजल्यावर रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. त्याचे उद्घाटन नोव्हेंबर २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. प्राचीन आहत नाण्यांपासून सुरुवात होऊन दालने हुंडी, प्रेसिडेन्सी बँकांच्या नोटा, ब्रिटिश सरकारच्या नोटा आणि स्वतंत्र भारताच्या नोटा अशी पुढे सरकतात. नाण्यांची दालने देखणी आहेत, पण ज्याला एकच तास आहे त्याने तो कागदासमोर घालवावा. इथला खरा धडा सलग पाहण्यात आहे. एका नोटेसमोर उभे राहून ती सुंदर आहे एवढेच म्हणता येते. ओळीने पाहिल्या की प्रत्येक नव्या सौंदर्यामागे एक खोटी नोट उभी आहे, हे दिसू लागते. बँक ऑफ बेंगाल या प्रेसिडेन्सी बँकेच्या सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या आणि साध्या होत्या. पुढच्या मालिकेत व्यापाराचे रूपक म्हणून बंदरावर बसलेली स्त्री आली, दोन्ही बाजूंना छपाई आली आणि मजकूर उर्दू, बंगाली व नागरी लिप्यांत दिला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिची जागा ब्रिटानियाने घेतली तेव्हा नक्षी अधिक गुंतागुंतीची झाली आणि रंग वाढले. नकला रोखणे हेच त्याचे कारण होते. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर टाउन हॉल आहे. हीच आजची एशियाटिक सोसायटीची इमारत, संग्रहालयापासून काही मिनिटांवर. नोट पाहून बाहेर पडावे आणि त्या पायऱ्यांसमोर जाऊन कोरणाऱ्या कारागिराने काय घेतले, काय सोडले हे पडताळावे. चित्र ओळखीचे असले की नकलेतली चूक डोळ्याला बोचते. जिथे ती नोट चालणार, तिथल्या माणसांच्या रोजच्या पाहण्यातली इमारत नोटेवर घेण्याचा हा मोठाच फायदा आहे. नव्या वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळचे लेणे आले, त्याचे मोल मला म्हणूनच अधिक वाटते.

इथे एक आक्षेप संग्रहालयातच उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. १८६१ च्या कायद्यानंतर निघालेल्या पहिल्या सरकारी नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे लहानसे चित्र होते. त्या नोटांच्या इतक्या नकला झाल्या की ती मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ पासून चित्र नसलेली नवी मालिका आली. ती जवळजवळ त्याच रूपात १९२३ पर्यंत चालली. म्हणजे चित्र हरले आणि चित्राविना नोट टिकली. मग कला हीच सुरक्षा कशी म्हणायची? उत्तर त्या दुसऱ्या मालिकेकडे जवळून पाहिल्यावर मिळते. तिच्यावर राणी नसली, तरी नागमोडी रेषांचा वॉटरमार्क आहे, रंगीत पार्श्वछपाई आहे, आणि एकमेकींत गुंतत जाणाऱ्या वक्ररेषांची ती नक्षी आहे जिला मुद्रक गियोश म्हणतात. मंडळाप्रमाणे बदलणाऱ्या भाषांच्या चार पट्ट्या होत्या, त्या पुढे आठ झाल्या. चित्र गेले तरी कला गेली नाही. ती कागदात आणि रेषेत मुरली. राणीचे चित्र नोटेच्या कोपऱ्यात वरून ठेवलेले होते, आणि जे वरून ठेवलेले असते ते उचलून दुसरीकडे ठेवणेही सोपे असते. १९२३ मध्ये पाचव्या जॉर्जचा चेहरा नोटांच्या नियमित मालिकेवर आला, तो असा सुटा राहिला नाही. वॉटरमार्क, रेषा आणि रंग यांच्याशी त्याची गाठ घालूनच तो आला. नोटेवर चेहराच का, याचेही कारण कलेत आहे. माणसाचा डोळा जन्मापासून चेहरे वाचत असतो. ओठांची रेघ किंचित हलली, डोळ्यातली एक छाया चुकली, तर काय चुकले हे सांगता न येताही काहीतरी खटकते. फुलाच्या किंवा अनोळखी इमारतीच्या चित्रात तेवढीच चूक सहज खपून जाते.

साधेपणाची किंमत काय असते, हे इंग्लंडच्या इतिहासाने फार क्रूरपणे दाखवले आहे. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि एक व दोन पौंडांच्या लहान नोटा काढल्या. त्या साध्या काळ्या शाईच्या होत्या, कोणाही कुशल मुद्रकाला करता येण्याजोग्या. आयुष्यात पहिल्यांदाच कागदी पैसा हाती आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांत त्या फिरल्या. पुढच्या सुमारे २५ वर्षांत नोटांच्या बनावटीपायी तीनशेहून अधिक माणसे फाशी गेली. जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराने १८१९ मध्ये फासावर लटकलेल्या माणसांची उपहासाची नोटच काढली आणि त्या चित्राने लंडन हादरले. चांगले चित्र आणि चांगला कागद यांवर पैसे खर्च करण्याऐवजी माणसे लटकवली जात होती, हा त्याचा आरोप होता आणि तो खरा होता. त्याच्या बऱ्याच आधी, १७३० च्या दशकात, अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने दुसरा मार्ग दाखवून दिला होता. त्याने खऱ्या पानाचा साचा घेऊन त्याचा ठसा नोटेवर छापला. पानाच्या शिरा इतक्या बारीक आणि अनियमित असतात की कोरणाऱ्याच्या हाताला त्यांची नक्कल जमत नव्हती. नोटेची रचना निकृष्ट ठेवणे हा अन्याय ठरतो, आणि तो गरिबाला सर्वांत आधी भोवतो. पुढे भारताच्या नोटा याच बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत, त्यामुळे त्या धड्याचा आपल्याशीही संबंध आहे.

भारताच्या नोटांत सुरक्षा धागा आला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. जपानने भारतीय नोटांच्या उत्तम दर्जाच्या नकला केल्या. त्यांना उत्तर म्हणून १९४४ च्या सुमारास वॉटरमार्क बदलला, सहाव्या जॉर्जचा बाजूने दिसणारा चेहरा समोरून दाखवला आणि आपल्याकडे पहिल्यांदा धागा वापरला गेला. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार झाला होता; शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ ठरला. गांधीजी नियमित नोटेवर आले ते १९८७ च्या पाचशेच्या नोटेपासून, आणि १९९६ पासून सगळी मालिकाच त्यांची झाली. त्या मालिकेने सामान्य माणसाच्या हाताला आणि डोळ्याला सर्वांत जास्त दिले: अधूनमधून दिसणारा धागा, तिरके धरल्यावर दिसणारा लपलेला आकडा, आणि अंध व्यक्तींसाठी उठावाच्या खुणा. २०१६ नंतरच्या पाचशेच्या नोटेत धागा आणि उजव्या तळाचा आकडा हिरव्याचे निळे होतात आणि क्रमांकातले अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. मागच्या बाजूला भाषांच्या पट्ट्यात १५ ओळी आहेत. बरोबर मधली, आठवी ओळ मराठीची. यांतली एकेक खूण स्वतंत्रपणे साधी वाटते. त्या सगळ्या एकत्र साधणे बनावट करणाऱ्याला महाग पडते, आणि नोटेच्या रचनेचे सारे गणित या महागपणावर उभे आहे.

आता नव्या मालिकेबद्दल परखडपणे बोलायला हवे, कारण संग्रहालयात कौतुकाचा सूर जास्त असतो. जुनी शंभराची नोट ७३ गुणिले १५७ मिलिमीटर होती आणि जुनी पाचशेची ७३ गुणिले १६७. म्हणजे लांबीत १० मिलिमीटरचा फरक. नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे या तिन्हींची रुंदी ६६ आहे, आणि लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटांना गर्दीत कसा कळावा? कडेला उठावाच्या रेषा आहेत, शंभरावर त्रिकोण आणि पाचशेवर वर्तुळ आहे. पण वापरून मळलेल्या, मऊ पडलेल्या नोटेवर उठाव झिजतो, आणि अंध माणसाचा पहिला आधार आकारच असतो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटेचे मूल्य बोलून सांगणारे ‘मनी’ हे मोबाइल ॲप काढले. ॲप चांगलेच आहे. पण ते नोटेचे मूल्य सांगते, ती खरी आहे की खोटी हे सांगत नाही. जे काम कागदाने करायचे ते फोनवर सोपवले गेले, हा रचनेतला दोष आहे. कलाकाराला अजून एक सेंटिमीटर मिळाला असता, तर लाखो माणसांचे परावलंबन वाचले असते.

याच्या उलट बाजूने विचारले जाते की फोनने पैसे देण्याच्या काळात नोट पाहायला शिकायचे कशाला. आकड्यांचे उत्तर वेगळे आहे. मार्च २०१७ मध्ये देशात सुमारे १३ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२४ मध्ये त्या सुमारे ३४.८ लाख कोटींच्या झाल्या. फोनवरचे व्यवहार वाढत असतानाच रोकडही वाढली. बँकिंग व्यवस्थेत पकडलेल्या बनावट नोटांची संख्या मात्र २०१६-१७ मधल्या ७ लाख ६२ हजारांवरून २०२२-२३ मध्ये सुमारे २ लाख २६ हजारांवर आली. हे समाधानाचे आहे, पण हा आकडा पकडलेल्या नोटांचा आहे. बँकेत न जाता बाजारातच हातोहात फिरणारी नोट त्यात मोजली जात नाही, आणि ती थांबवायची तर बाजारातला डोळाच हवा. शिवाय ज्यांच्याकडे रोकड जास्त राहते ते शेतमजूर, फेरीवाले आणि वृद्ध. तोटा सोसण्याची ताकद त्यांच्यात सर्वांत कमी.

दुसरी शंका अशी की सुरक्षेच्या खुणा उघड दाखवल्या, तर बनावट करणाऱ्यालाच शिकवणी मिळते. ही भीती चुकीच्या समजावर उभी आहे. मध्यवर्ती बँका खुणांचे थर करतात. काही सर्वांसाठी असतात, काही अतिनील दिवा आणि यंत्र असलेल्या कॅशिअरसाठी, आणि काही फक्त मध्यवर्ती बँकेला माहीत असतात. संग्रहालय पहिला थर दाखवते. रिझर्व्ह बँकेनेही ‘पैसा बोलता है’ या संकेतस्थळावर तो आधीच खुला ठेवला आहे. बनावट करणाऱ्याला तो पाठ असतो. माहीत नसतो तो त्याच्या गिऱ्हाइकाला. खूण गुप्त ठेवून दुकानदाराला तिचा काय उपयोग? ती खूण माहीत असूनही करता येऊ नये, अशीच रचायची असते. नोट मोजणारी यंत्रे हे काम करतात, हेही अर्धेच खरे. यंत्र बँकेत आणि मोठ्या दुकानात असते. आठवडी बाजारात नसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कागद आणि छपाई कितीही उत्तम असली, तरी संस्था फसल्या तर काय? १९२५ मध्ये पोर्तुगालमध्ये आर्तुर आल्व्हेस रेइस याने खोट्या अधिकारपत्रांवर लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून पोर्तुगालच्या खऱ्याच नोटा छापून घेतल्या. त्या नोटांत डोळ्याने ओळखण्याजोगे काहीच खोटे नव्हते. आपल्याकडे अब्दुल करीम तेलगीचा मुद्रांक घोटाळा झाला. नाशिकच्या मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्या हाती लागल्याचे तपासात उघड झाले. या दोन्ही प्रकरणांत कलेने हार खाल्ली नाही. कलेभोवतीची राखण ढिली पडली. तरी त्यांतून एक गोष्ट मान्य करायलाच हवी. संग्रहालयाने नुसत्या खुणा शिकवल्या, तर शिक्षण अपुरे राहते. कोण छापतो, कोणाच्या परवानगीने, कागद कुठून येतो, निरुपयोगी यंत्रे कशी नष्ट होतात, हेही नागरिकाला कळले पाहिजे, कारण प्रश्न विचारणारा समाज हीच त्या राखणीवरची राखण आहे. फोर्टातल्या दालनांत पैशाचा इतिहास तपशीलाने आहे. या फसवणुकींच्या प्रकरणांना मात्र स्वतंत्र, ठळक जागा मिळायला हवी. ज्या नोटेने हार खाल्ली ती दाखवण्यात संस्थेला कमीपणा वाटू नये.

आणि एवढे शिकण्यासाठी नागपूरकराने आठशे किलोमीटर का जावे, हा प्रश्न उरतोच. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे, जवळच अजब बंगल्याची संग्रहालयाची परंपरा आहे, आणि जवळूनच मेट्रो धावते. या दोन संस्थांनी मिळून एक कायमचे लहान दालन उभारावे, अशी विनंती आहे. त्यात मराठीत आणि हिंदीत फलक असावेत, बोटाने चाचपता येतील अशा मोठ्या केलेल्या उठावाच्या प्रतिकृती असाव्यात, वॉटरमार्क पाहायला उजेडाची पेटी असावी, नागपूर आणि अकोला मंडळांच्या नोटांची चित्रे असावीत, आणि दर आठवड्याला बाजार समितीतले हमाल, दुकानांतले नोकर व शाळेतली मुले यांच्यासाठी एक तास राखलेला असावा. खर्च फार नाही. ज्या शहरात आजारी माणूस घेऊन आलेले कुटुंब रोकड मोजून देते, तिथे ही गरज मुंबईपेक्षा कमी नाही.

तोवर फोर्टची वाट खुली आहे. चलन संग्रहालय सोमवारी आणि बँकेच्या सुट्ट्यांना बंद असते. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्याव्यात आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. खिशात शंभर, दोनशे आणि पाचशेची एकेक नोट न्यावी, आणि दालनात वाचलेली प्रत्येक खूण बाहेर आल्यावर त्या नोटा उन्हात धरून त्यांच्यावर तपासावी.